बाबांनी भरलेली बाटली

सोमवार, ६ फेब्रुवारी

प्रयोगवहीत शिव्या लिहिता येत नाहीत. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडम ती दर आठवड्याला बघतात आणि खाली सही करतात. म्हणून ही दुसरी वही. हिच्यावर कुणी सही करायची नाही.

आज काजवे पुन्हा रुसले. काजवे म्हणजे माझे कार्बनचे कण. साखर आणि लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून पोलादी डबीत घट्ट बंद करायची आणि भट्टीत भाजायची, की कोऱ्या चहासारखं पाणी निघतं. त्यात केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक कण असतात. नुसतं बघितलं तर काहीच नाही, पण जांभळ्या बॅटरीचा उजेड टाकला की निळंशार चमकतं. पाण्यात शिसं असेल तर ती चमक मंदावते. शिसं जितकं जास्त, तितका उजेड कमी. कुणालाही आपल्या नळाखाली धरून बघता येईल अशी स्वस्तातली परीक्षा. कागदावर सगळं झकास आहे.

घोडं पेंड खातंय ते शेवटच्या पायरीवर. डिस्टिल्ड पाण्यात काजवे अगदी शहाण्यासारखे वागतात. पण डिस्टिल्ड पाणी पितो कोण? म्हणून खऱ्या नळाच्या पाण्यात मी मोजून शिसं टाकायचं आणि काजव्यांनी तेवढंच ओळखायचं, अशी ही पायरी. हे पाणी मी घरून नेते. बाबा रोज बाटली भरून दाराशी ठेवतात. त्यांचा जन्म नळजोडणीच्या कामात गेला. आमच्या घरची नळी त्यांनी स्वतःच्या हातांनी टाकली आहे आणि ‘असं पाणी राजाच्या घरीसुद्धा नाही’ हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. अगदी सुरुवातीला एका दुपारी मीच थोडं भरून नेऊन तपासलं होतं. शिसं शून्य. तेव्हापासून माझं ‘स्वच्छ पाणी’ म्हणजे आमचंच.

आज मी मोजून दहा भाग शिसं टाकलं, काजवे म्हणाले सव्वीस. मेले मला पाण्यात पाहतात. मार्चअखेर जमलं नाही तर हा विषय बंद, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय.

बुधवार, ८ फेब्रुवारी

बाबांचं काय करू कळत नाही.

सकाळी गॅस चालू, वर भांडंच नाही, आणि बाबा खुर्चीत. मी काही बोलायच्या आत माझ्यावरच ओरडले, की चमचे कुणी हलवले. चमचे जिथे असतात तिथेच होते. मला आयुष्यात कधी मोठ्या आवाजात न बोललेला माणूस. नंतर स्वतःच ओशाळले आणि माझ्या बाटलीचं झाकण चारचारदा घट्ट करत बसले. हात थरथरत होता. अंधारात नुसत्या बोटांनी नळाचे आटे जुळवणारा हात हा.

पोटात कळ येते म्हणतात, जेवण अर्धं टाकतात. शर्ट खुंटीला लावल्यासारखा लोंबतो अंगावर. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, वय विचारलं आणि बायको कधी गेली ते विचारलं. वर्ष होत आलं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, दुःख असं शरीरातून बाहेर येतं, वेळ द्या. द्यायला माझ्याकडे वेळ सोडून सगळं आहे.

खरंच, आई गेल्यापासूनच हे सगळं सुरू झालं. आई होती तेव्हा बाबा उशिरा उठायचे. ती आधी उठून रात्रीची भांडी घासायची, त्या आवाजाने त्यांची झोपमोड व्हायची आणि पांघरुणातूनच ओरडायचे, “अगं, किती पाणी घालवतेस!” हाच आमच्या घरचा गजर. आता तेच सगळ्यांत आधी उठतात. उठल्या उठल्या नळ सोडायचा, आधी माझी बाटली, मग त्यांचे दोन पेले, मग चहाचं आधण. पहिलं पाणी लेकीचं, असा नियमच करून टाकलाय.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

दहाचे बावीस.

रविवार, १९ फेब्रुवारी

आत्याचा फोन. बाबांची ही धाकटी बहीण, पण सगळ्या घरावर हुकूम तिचा. माझ्याशी बोलून झाल्यावर बाबांशी बोलली आणि मग पुन्हा मला म्हणाली, दादा बोलता बोलता वाक्य विसरतो गं, तू दिवसभर तिकडे, हा एकटा घरात, काही झालं म्हणजे? थोडे दिवस माझ्याकडे पाठव. घरात नातवंडं आहेत, माणसांत राहील.

बाबा नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण ते लगेच तयार झाले. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी त्यांना बसमध्ये बसवलं. खिडकीतून म्हणाले, “बाटली भरायला विसरशील.” बस निघाली, मी हात करत राहिले आणि रस्त्यात उभी राहून रडले. आईच्या मागोमाग हेही असे थोडे थोडे जाणार की काय, ही भीती मी आज पहिल्यांदा लिहून ठेवतेय.

सोमवार, २७ फेब्रुवारी

दहाचे दहा! परवा अकरा, त्याआधी दहा. आज सलग चौथा दिवस. मी प्रयोगशाळेत उड्या मारायच्याच बाकी होत्या.

समोरच्या टेबलावर काम करणारा पोपट (अखंड बोलतो, म्हणून पोपट) म्हणाला, बघ, घरची चिंता गेली की हात स्थिर होतो, पिपेट खोटं बोलत नाही. मला ऐकायला आवडलं नाही, पण खोडूनही काढता येईना. सकाळी माझी नुसती धांदल असते. अंघोळ, कपडे, रात्रीची भांडी, आणि दारातून परत फिरून कशीबशी बाटली भरायची. तरी मन शांत असतं हे खरं.

आत्या म्हणते, दादाने आज दोनदा भात मागून घेतला.

शुक्रवार, ३ मार्च

दहाचे दहा, वीसचे एकोणीस. मॅडमनी वही बघितली आणि भुवई वर केली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे शाल-श्रीफळच.

गुरुवार, ९ मार्च

बाबा आले. गालांवर मांस चढलंय, पोट दुखत नाही, आणि बसमधल्या कुणाशी तरी राजकारणावर भांडूनही आले. माझे बाबा परत आले असंच वाटलं. आत्याकडचं सगळं छान, पण पाणी नुसतं मचूळ, असं दारातच सांगितलं. आल्या आल्या नळाखाली ओंजळ धरली, प्यायले आणि म्हणाले, “हं. आता घरी आलो.”

मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकवून उभी राहिले. काय झालंय म्हणाले. काही नाही म्हटलं.

मंगळवार, १४ मार्च

दहाचे चोवीस. काल सव्वीस.

पिपेट बदलली. काजवे नव्याने भाजले. डबी तीनदा धुतली. डिस्टिल्ड पाण्यात चोख, आमच्या पाण्यात बोंब. आज डोळ्यांपुढेच काजवे चमकले, परीक्षानळीत मात्र चमकायचं नाव नाही.

शनिवार, १८ मार्च

हे पान कुणी वाचू नये.

माझ्या मनात आज असं आलं, की बाबा घरात असले की माझं काम बिघडतं. ते नव्हते तेव्हा सगळं जमत होतं. ते आले आणि हात बिघडला. त्यांची पोटदुखी परत आलीय, परवा पेला हातातून सुटून फुटला, काल त्यांना आत्याच्या नातवंडांची नावं आठवेनात. माझं निम्मं लक्ष तिथेच असतं. आत्याकडे ते सुधारले, इथे खंगतात. मग त्यांनी कायमचंच तिकडे राहिलेलं काय वाईट? त्यांनाही बरं, मलाही बरं. हे ‘मलाही’ लिहिताना माझीच मला लाज वाटली.

तरी संध्याकाळी विषय काढला. मी गोल गोल बोलले, तिकडे हवा चांगली, सोबत असते. बाबांनी माझी रिकामी बाटली पुसायला घेतली. त्यांना सगळं कळलं होतं. मग म्हणाले, “जातो की. पण मी गेलो तर तुझी बाटली कोण भरेल?”

मी भांडी आवरायच्या निमित्ताने आत गेले.

मंगळवार, २१ मार्च

आज मॅडमच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं की जमत नाही, विषय बंद करा. सांगता सांगता रडूही आलं. मॅडम धीर देणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “शिसं न टाकलेलं तुझं पाणी रोज मोजतेस?”

मी म्हटलं, एकदा मोजलं होतं, शून्य आलं.

“एकदा?”

मी म्हटलं, घरचं पाणी आहे, मॅडम. बाबांनी स्वतः नळी टाकलीय. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं, की हे शास्त्र नसून माया आहे.

मॅडमनी माझी आजची बाटली उघडली, थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात माझे काजवे सोडले. शिसं काहीही टाकलं नाही. शेजारच्या नळीत डिस्टिल्ड पाणी. दिवा घालवून जांभळी बॅटरी लावली. डिस्टिल्ड पाणी निळंशार चमकलं. आमचं पाणी मिणमिणलं.

ही बाटली किती वाजता भरलेली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा भरतात, उठल्या उठल्या. आणि फेब्रुवारीच्या शेवटी, आकडे जमत होते तेव्हा? तेव्हा मी, सगळं आवरून झाल्यावर. मॅडम एवढंच म्हणाल्या, “उद्या दोन बाटल्या आण. एक बाबांची, एक नंतरची. आणि उद्यापासून त्यांना ते पाणी देऊ नकोस.”

आता दिव्याखाली अंधार कसा असतो ते कळलं. रात्रभर नळीत उभं राहिलेलं पाणी, पहाटे सगळ्यांत आधी उपसलेलं. दोन पेले आणि वर चहा. पोटातली कळ, थरथर, चिडचिड, विसरणं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात मी स्वतः लिहिलंय की शिसं शरीरात गेलं की काय होतं. पान तीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घरी येताना पाण्याचा मोठा बुधला विकत आणला. बाबांना म्हटलं, प्रयोगासाठी आपण काही दिवस हे प्यायचंय. बाबा म्हणाले, विकतचं पाणी? माझ्या घरात? पण प्रयोग म्हटल्यावर ऐकलं.

बुधवार, २२ मार्च

पहाटेची बाटली बाबांनी भरली, मी त्यांना पिऊ मात्र दिलं नाही. नळ बराच वेळ सोडून दुसरी मी भरली. पहिली अंधारी, दुसरी लख्ख. प्रयोगशाळेखालच्या मजल्यावरच्या, शिसं मोजणाऱ्या मोठ्या यंत्रानेही तेच सांगितलं. त्याचा आकडा आणि माझ्या काजव्यांचा आकडा जवळजवळ एकच आला.

मॅडम म्हणाल्या, इतके दिवस तुझे कण बरोबर होते, तूच त्यांचं ऐकत नव्हतीस. पोपट पहिल्यांदाच काही बोलला नाही.

मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी जिन्यात बसून राहिले. मला ते सगळे दिवस आठवत होते, रोज एक आकडा आणि त्या आकड्यामागे दोन पेले. काजवे मला रोज सांगत होते आणि मी डबी धूत होते.

तिथून निघून बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि दोघांचंही रक्त तपासायला दिलं. घरी आल्यावर सगळं सांगितलं. कसं सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव केली होती, पण त्यांच्यासमोर बसल्यावर सरळ म्हटलं, बाबा, आपली नळी कशाची आहे?

ते उठले. ओट्याखाली वाकून बसले, खिशातला चाकू काढला आणि नळीवरचा रंग खरवडला. रंगाचे थरावर थर. त्याखाली राखाडी, मऊ, चकचकीत. त्यावर नखाने ओरखडा उमटला.

“शिसंच,” ते म्हणाले. “तेव्हा चांगली नळी म्हणजे हीच. हाताने वळायची, मध्ये सांधा नको, गळती नको. एका मोठ्या कामातून उरली होती. तू पोटात होतीस. तुझ्या आईने त्या दिवसांत लांबून पाणी वाहू नये म्हणून एका रविवारी टाकली.”

मग बराच वेळ ते तसेच ओट्याखाली बसून राहिले. मी बाजूला फरशीवर बसले.

“म्हणजे तुलाही मी हेच पाजलं,” ते म्हणाले.

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, “थोडं कमी पाजलं असतंत तर पीएचडी वेळेत झाली असती.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. हसता हसता रडले, आणि मीही. ओट्याखाली दोघं बसून, एकाच टॉवेलला नाक पुसत.

मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. डोळे पुसून म्हणाले, पण हिशेब जमत नाही. नळी तुझ्या वयाची. मग तुझी आई, तू, मी, इतकी वर्षं कुणाला काही झालं कसं नाही? आत्ताच का?

मी सांगू लागले, की पाणी रात्रभर नळीत उभं राहिलं तरच त्यात शिसं उतरतं. नळ थोडा वेळ वाहिला की ते निघून जातं आणि मागून ताजं येतं. पहाटे पहिलं पाणी कुणी प्यायचंच नाही तर… आणि मी थांबले. बाबाही थांबले होते.

“ती भांडी घासायची,” बाबा म्हणाले.

रोज सकाळी, सगळ्यांच्या आधी. आदल्या रात्रीची सगळी भांडी, नळ मोठा सोडून. नंतर पिण्याचं भरायची. तिला शिशाचं काही माहीत नव्हतं. शिळ्या भांड्यांवर दिवस सुरू करायला तिला आवडायचं नाही, एवढंच.

बाबांनी ओट्याची कड धरली. “आणि मी तिला रोज ओरडायचो.”

शनिवार, २५ मार्च

रक्ताचा अहवाल आला. बाबांचं शिसं खूपच वाढलेलं, माझं थोडंसं. डॉक्टर खजील झाले होते, पण आता औषध ठरलंय आणि हळूहळू उतरेल म्हणतात. सगळंच भरून येईल का, विचारलं. ते म्हणाले, वेळेत कळलंय. आणखी एक वर्ष गेलं असतं तर सांगता आलं नसतं.

आत्याला कळवलं. ती आधी रडली, मग दादाच्या नळीला शिव्या दिल्या, आणि शेवटी म्हणाली, आमच्या मचूळ पाण्याला नावं ठेवत होता नाही का!

गल्लीतल्या बाकीच्या घरांतही बाबांनी त्या काळात नळ्या टाकल्या होत्या. ते स्वतः आठवून घरं सांगताहेत. माझ्याकडे काजवे आहेतच. सोमवारपासून दोघं मिळून दारं ठोठावणार.

रविवार, २ एप्रिल

नळी काढली. दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही असं बाबांनी आधीच बजावलं. पण मनगटात जोर नाही, पाना फिरेना. मग पाना माझ्या हातात आणि तोंडाचा पट्टा त्यांचा. उलटा फिरवतेस. अगं, तिकडून नव्हे. तुझ्या त्या मॅडमनी काय शिकवलं तुला? मी म्हटलं, मॅडमनी पाना शिकवला नाही. ते म्हणाले, तरीच.

नवी नळी बसली. पहिलं पाणी परीक्षानळीत घेऊन बाबांनी स्वतः त्यात काजव्यांचे थेंब सोडले. मी खिडकी लावली, पडदा ओढला आणि जांभळी बॅटरी त्यांच्या हातात दिली. उजेड थरथरत परीक्षानळीवर पडला आणि पाणी निळंशार चमकलं. बाबांनी बॅटरी विझवली. दुसऱ्यांदा लावून बघितलं, मग तिसऱ्यांदा.

मॅडमनी मुदत वाढवून दिलीय. प्रबंधात आता आमच्या घराच्या पाण्याचं एक प्रकरण असेल. त्यात ‘घर क्रमांक एक’ एवढंच लिहायचं असतं.

बुधवार, १९ एप्रिल

रक्तातला आकडा उतरतोय. बाबांनी काल आत्याला फोनवर एकेका नातवंडाचं नाव घेऊन आशीर्वाद दिले, मुद्दाम मला ऐकू येईल असे.

आज पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. अर्धवट झोपेत मला वाटलं, आई उठली. तसंच वाटू दिलं थोडा वेळ.

मग बघितलं. बाबा मोरीशी उभे होते. रात्रीच घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासत होते, एकेक ताट, सावकाश. नळ मोठा सोडलेला. माझी बाटली बाजूला रिकामी, तिची पाळी अजून आली नव्हती. नळी नवी आहे, पहिलं पाणी आता कुणीही प्यावं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी पांघरुणातूनच ओरडले, “अहो, किती पाणी घालवता!”

“तुझ्या आईला विचार,” ते म्हणाले आणि नळ चालूच ठेवला.